१५९ सेंटिमीटर : योशिए ताकेशिताचा खेळ नीट बघताना

महिलांच्या व्हॉलीबॉलमध्ये नेटची वरची कड जमिनीपासून २.२४ मीटरवर असते. योशिए ताकेशिता नेटपाशी सरळ उभी राहिली की तिचं डोकं त्या कडेच्या ६५ सेंटिमीटर खाली असायचं. २००६ची जागतिक स्पर्धा जिंकणाऱ्या रशियाकडे २.०२ मीटर उंचीची येकातेरिना गामोव्हा होती. त्या स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू मात्र ठरली १.५९ मीटरची ताकेशिता, आणि तिचा जपानी संघ तर सहावा आला होता. ती सेटर होती, म्हणजे स्मॅश मारणाऱ्या सहकाऱ्यांना चेंडू उचलून देणारी, आणि सेटरचं नाव गुणफलकावर फारसं दिसत नाही. तरीही सहाव्या आलेल्या संघाच्या सेटरला हा मान द्यावासा वाटला, यातच बरंच काही आलं.

तिच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण इथून थेट जिद्दीवर येतात. ‘उंची नसूनही जिद्दीच्या जोरावर’ वगैरे. मला हे पटत नाही. जिद्द होतीच, पण जिद्दीने चेंडू अँटेनापर्यंत, म्हणजे नेटच्या टोकाच्या उभ्या काठीपर्यंत, जात नाही. तो जातो पाय, कंबर, कोपर, मनगट आणि बोटं ठरावीक क्रमाने चालली तर. शिवाय कमी उंचीची किंमत जिद्दीने माफ होत नाही. ती दर सामन्यात मोजावी लागते, आणि एकट्या सेटरला नाही, सगळ्या संघाला. ताकेशिताच्या कारकिर्दीत ही किंमत किती होती, कुणी आणि कशी मोजली, हेच मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं.

जन्म १८ मार्च १९७८, फुकुओका प्रांतातलं किताक्युशू शहर. १९९६ साली ती एनईसी रेड रॉकेट्समध्ये आली. जपानमधले व्हॉलीबॉल संघ तेव्हा प्रामुख्याने कंपन्यांचे असत. खेळाडू त्या कंपनीतच नोकरीला, संघाचा खर्चही कंपनीचा. एनईसीने १९९६-९७ आणि १९९९-२००० या दोन हंगामांत व्ही-लीग ही जपानची तेव्हाची अव्वल लीग जिंकली. तिथे खेळाडूंना ‘कोर्टवरचं नाव’ असतं. चालू रॅलीत लांबलचक आडनाव कोण पुकारणार, म्हणून एक-दोन अक्षरांची हाक. ताकेशिताची हाक होती ‘तेन’.

ती वर आली नेमकी नियम बदलत होते तेव्हा, आणि हा मुद्दा अनेकांच्या नजरेतून सुटतो. आधी गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या संघाला मिळायचा. समोरच्यांनी आपल्या बुटक्या ब्लॉकवरून, म्हणजे नेटपाशी उडी मारून धरलेल्या हातांवरून, स्मॅश मारला तरी बऱ्याच वेळा फक्त सर्व्हिस जायची, गुण जायचा नाही. १९९८-९९च्या सुमारास रॅली पॉइंट पद्धत आली आणि दर रॅलीला गुण मिळू लागला. म्हणजे ब्लॉकमधल्या भोकाची शिक्षा लगेच फलकावर. त्याच सुमारास लिबेरो ही खास बचावाची खेळाडू आली. त्यामुळे मागच्या फळीचा डिफेन्स सुधारला खरा, पण लिबेरोला पुढच्या फळीत खेळता येत नाही. तेव्हा नेटपाशी उभ्या असलेल्या छोट्या सेटरचा प्रश्न जिथल्या तिथेच राहिला. उंच सेटर हव्यात असं तेव्हा सगळीकडे बोललं जायचं, ते उगीच नव्हतं.

आणि मग २००० साल आलं. सिडनी ऑलिंपिकची अखेरची पात्रता स्पर्धा घरच्याच मैदानावर होती, आणि जपान बाहेर पडला. १९६४ला टोकियोत सुवर्ण, १९६८ आणि १९७२ला रौप्य, १९७६ला मॉन्ट्रियलमध्ये पुन्हा सुवर्ण, १९८४ला लॉस एंजेलिसमध्ये कांस्य अशी या संघाची परंपरा. १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकला तो गेला नाही, पण तो बहिष्कार होता. पात्रताच न मिळणं हे पहिल्यांदाच घडलं. बोट थेट सेटरच्या उंचीवर रोखलं गेलं. रिसीव्ह (समोरची सर्व्हिस घेऊन सेटरकडे देणं) तुटला, सर्व्हिस वाया गेली, कुणाचा स्मॅश बाहेर गेला, या गोष्टी मोजायला वेळ लागतो. १५९ हा आकडा एका नजरेत दिसतो.

२००२मध्ये तिने एनईसी सोडलं आणि खेळणंही थांबवलं. नोकरीसाठी ती सरकारी रोजगार केंद्राची पायरी चढली. वय २४. तिथून तिला परत बोलावलं ते जेटी मार्व्हलसने, आणि हा संघ तेव्हा दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. राष्ट्रीय संघाच्या सेटरने दुसऱ्या श्रेणीत उतरणं म्हणजे बढती नव्हे. पण छोट्या सेटरला जे लागतं ते अशाच ठिकाणी मिळतं. संघ तिच्याभोवती नव्याने बांधता येतो, रिसीव्हचं लक्ष्य तिच्या सोयीने ठरवता येतं, स्मॅशरशी ताल जुळवायला वेळ मिळतो. प्रस्थापित संघात सेटरला आधीच्या घडीत बसावं लागतं.

आता हातांकडे येतो.

साधारण १५९ सेंटिमीटरच्या सेटरने जमिनीवर उभं राहून सेट केला, तर चेंडू हातात येतो अंदाजे १.७५ मीटरवर, म्हणजे कपाळाच्या थोडा वर. तिने चाळीसेक सेंटिमीटर उडी घेऊन तोच चेंडू घेतला तर २.१५वर. समजा, रिसीव्हचा चेंडू ४ मीटरवर जाऊन खाली येतोय. १.७५पर्यंत यायला त्याला सुमारे ०.६८ सेकंद लागतात, २.१५पर्यंत ०.६१. फरक ०.०६ ते ०.०७ सेकंदाचा. हा काही फरक झाला का, असं वाटेल. पण समोरची मधली ब्लॉकर सेटरच्या हातातून चेंडू सुटेपर्यंत हलत नाही, आणि हलली की सेकंदाला तीन मीटर वेगाने बाजूला सरकते असं धरा. एवढ्या वेळात ती वीतभर अंतर कापते. दोन ब्लॉकर्सच्या हातांमधून चेंडू जायला वीतभर फट पुरते. म्हणून जंप सेट ही ताकेशिताची गरज होती. उंच सेटर कंटाळली तर जमिनीवरून सेट करू शकते, ही सवलत तिला नव्हती.

जंप सेट दिसतो तेवढा सोपा नसतो. पहिली अट पायांची. चेंडू सर्वोच्च बिंदूवर असतानाच सेटर त्याच्याखाली पोचून थांबलेली हवी. शेवटची दोन पावलं डावं-उजवं, उजवा पाय नेटच्या बाजूला किंचित पुढे. धावता धावता उडी घेतली की शरीर हवेतही पुढे वाहत राहतं. मग एक तर चेंडू नेटच्या अंगावर जातो, नाही तर सेट आखूड पडतो. दुसरी अट वेळेची. चेंडू उडीच्या टोकाला किंवा त्याच्या निमिषभर आधी हातात आला पाहिजे. उतरताना घेतला तर पायांनी दिलेला जोर संपलेला असतो, सगळी भिस्त हातांवर येते आणि चेंडू अँटेनाच्या मीटरभर अलीकडेच मान टाकतो. मग स्मॅशरला धावण्याची दिशा मोडून आत यावं लागतं, आणि तिच्यासमोर दोन ब्लॉकर्स आरामात उभ्या असतात.

तिसरी अट बोटांची. चेंडूचं वजन २६० ते २८० ग्रॅम. दोन्ही हातांची खिडकी कपाळासमोर उघडते, अंगठे डोळ्यांकडे वळलेले असतात. भार मुख्यतः अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट घेतं. उरलेली दोन बोटं चेंडू भरकटू नये म्हणून कडेने धरून ठेवतात. मनगटं किंचित मागे जातात आणि लगेच परत उसळतात. एका हाताचं बोट दुसऱ्याच्या क्षणभर आधी लागलं की चेंडू हातातून फिरत सुटतो, आणि पंचाने डबल टचची शिट्टी मारली की गुण गेला. चेंडूला स्पर्श करतानाच खांदे वळवले तरी हेच होतं. आधी वळायचं, मग घ्यायचा.

चौथी गोष्ट ताकदीची, आणि इथे छोट्या सेटर्स सगळ्यात जास्त चुकतात. हवेत असताना पायांखाली रेटायला जमीन नसते. उजव्या बाजूने डाव्या अँटेनापर्यंत सहा-सात मीटर वेगाने चेंडू पाठवायचा तर जोर पोट, कोपर आणि मनगट यांतूनच काढावा लागतो. जोर कमी पडतोय असं वाटलं की सेटर चेंडू छातीपर्यंत खाली घेते आणि मग फेकते. याचे दोन तोटे. चेंडू धरल्याची शिट्टी बसू शकते. शिट्टी नाही बसली तरी चेंडू खाली आला की तो लांब डावीकडे जाणार, हे समोरच्या मधल्या ब्लॉकरला कळतं. तशीच दुसरी खूण कमरेची. मागे सेट करायचा असला की कमान आधीच मागे झुकते. ताकेशिताचे सामने बाजूच्या कॅमेऱ्यातून बघा. पुढचा सेट, मागचा सेट, मधला क्विक, तिन्हींना चेंडू कपाळासमोर त्याच जागी येतो, आणि कमान वळते ती चेंडू सुटल्यावर. ब्लॉकरला वाचायला काही सापडतच नाही.

क्विक म्हणजे मधल्या खेळाडूचा झटपट स्मॅश. जपानी बोलीत त्याला अक्षरं आहेत. ए क्विक सेटरच्या अगदी पुढ्यात, मीटरभरावर. बी क्विक पुढेच, पण दोन-तीन मीटर लांब आणि सपाट. सी तिच्या पाठीमागे लगटून, डी पाठीमागे लांब. यांच्या जोडीला एका पायावर धावत जाऊन मारायचा ब्रॉड. ए क्विकला स्मॅशर सेटरच्या हाताआधीच हवेत असते आणि सेटर चेंडू तिच्या तळहातासमोर नेऊन ठेवते. इथे दहा सेंटिमीटरची चूक खपत नाही.

या सगळ्याला रिसीव्ह चांगला लागतो, आणि छोट्या सेटरला ‘चांगला’ म्हणजे वेगळाच रिसीव्ह लागतो. उंच सेटरला चेंडू नेटच्या कडेला चिकटून आला तरी चालतो, ती एका हाताने तो मागे ओढू शकते. तोच चेंडू १५९ सेंटिमीटरच्या खेळाडूच्या डोक्यावरून नेटपलीकडे डोकावतो आणि समोरची १.९० मीटरची खेळाडू तो सरळ खाली ठोकते. म्हणून रिसीव्ह करणाऱ्यांना लक्ष्य नेटपासून मीटरभर आत ठेवावं लागतं. चेंडू थोडा आखूड पडला तर सेटर पळून घेईल, लांब पडला तर गुणच गेला. तिच्या कमी उंचीचा हा पहिला हप्ता, आणि तो भरायच्या तिच्या सहकारी. राष्ट्रीय संघात पुढे हे काम प्रामुख्याने युको सानो आणि साओरी किमुरा यांच्याकडे होतं. लिबेरो सानोची उंचीही १५९च.

दुसरा हप्ता ब्लॉकचा, आणि तो मोठा आहे.

खेळाडू आळीपाळीने जागा बदलत जातात, आणि अशा सहा रोटेशनपैकी तीनमध्ये सेटर पुढच्या फळीत असते. बहुतेक वेळा ती उजव्या टोकाला ब्लॉक करते, म्हणजे समोरच्या डाव्या स्मॅशरच्या पुढ्यात. कुठल्याही संघाची खात्रीची स्मॅशर तिथेच असते. दर सेटमध्ये निम्मा वेळ सामन्यातली सगळ्यात आखूड ब्लॉकर सामन्यातल्या सगळ्यात कडक स्मॅशरसमोर उभी राहणार, हे गणित कुणालाच चुकवता येत नाही. रिसीव्ह तुटला, खेळ सुचेना, की समोरचा संघ डोळे मिटून चेंडू तिकडेच उचलतो.

उपाय तीन-चार आहेत, आणि कुठलाच फुकट नाही. पहिला, हात मागे कलते ठेवून सॉफ्ट ब्लॉक करायचा. चेंडू अडवायची आशा सोडायची, बोटांना चाटून तो वर उडाला आणि वेग कमी झाला तरी काम झालं. इथे सेटरने नेटच्या पलीकडे हात घालायचा मोह टाळायचा असतो. आखूड हात पुढे गेले की आणखी खाली येतात आणि चेंडू त्यांच्यावर आपटून बाहेर जातो. दुसरा, कुठली दिशा सोडायची हे ठरवून घ्यायचं. मधली ब्लॉकर तिरका मारा बंद करते आणि सेटर सरळ रेषेत हात ठेवते. मग स्मॅशरला सोपी वाट एकच दिसते, सेटरच्या हातांवरून सरळ खोल. तिथे मागे एक डिफेंडर आधीच उभी असते. भोक बुजवता येत नाही, पण त्याच्यामागे कोण उभं राहील हे ठरवता येतं. ताकेशिता स्वतः मागच्या फळीत गेली की फार चांगली डिग करायची, म्हणजे समोरचा स्मॅश खालून उचलायची. तिचा हा गुण तिच्या सेटिंगइतकाच मोलाचा होता असं मी मानतो.

तिसरा उपाय सर्व्हिसचा. तिच्या पुढच्या फळीच्या रोटेशनमध्ये सर्व्हिस इतकी अडचणीची टाकायची की समोरच्या सेटरला हव्या त्या वेगाने डावीकडे चेंडू देताच येऊ नये. उंच, सावकाश सेट आला तर मधल्या ब्लॉकरला पोचायला वेळ मिळतो आणि आखूड हातांशेजारी एक लांब जोडी उभी राहते. जपानी संघ सर्व्हिसच्या जागेबद्दल एवढा काटेकोर का असायचा, याचं निदान अर्धं उत्तर इथे आहे.

चौथा उपाय दुहेरी बदलाचा. सेटर पुढच्या फळीत आली की तिच्या जागी उंच स्मॅशर आणायची, आणि त्याच वेळी रोटेशनमध्ये तिच्या बरोबर विरुद्ध, मागच्या फळीत असलेल्या आपल्याच खेळाडूच्या जागी दुसरी सेटर. दुसऱ्या सेटरने मागून येऊन सेट करायचा, पुढे तिन्ही स्मॅशर उंच. लंडन ऑलिंपिकच्या (२०१२) संघातली दुसरी सेटर हितोमी नाकामिची, तीसुद्धा १५९ सेंटिमीटरची. एक बुटकी सेटर असताना दुसरीही तशीच का घेतली, असा प्रश्न पडतो. पण दुहेरी बदलात तिने पुढच्या फळीत यायचंच नसतं, मग तिची उंची आड येते कुठे? किंमत बदलांच्या संख्येत मोजावी लागते. एका सेटमध्ये बदल सहाच. जाताना दोन, परत येताना दोन, म्हणजे चार संपले. उरलेल्या दोनमध्ये सर्व्हिसची खेळाडू, दुखापत, सगळं भागवायचं. एकदा पुरतं, दुसऱ्यांदा पुरत नाही.

२००३मध्ये शोइची यानागिमोतो राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. ते स्वतः एके काळचे सेटर, आणि त्यांनी ताकेशिताला परत बोलावलं. उंचीने काय जातं आणि हातांनी काय मिळतं, याचा ताळा तेच काम केलेल्या माणसाला मांडता येतो, असं मला वाटतं. अथेन्स २००४ला जपान परत ऑलिंपिकमध्ये आला आणि पाचवा राहिला. २००५पासून ती कर्णधार होती. बीजिंग २००८लाही पाचवं स्थान.

त्या संघात मियुकी ताकाहाशी होती, उंची १७० सेंटिमीटर, आंतरराष्ट्रीय स्मॅशरसाठी फारच कमी. ती ब्लॉकवरून मारायच्या फंदात पडायचीच नाही. ब्लॉकरच्या बाहेरच्या हाताला चेंडू घासून तो कोर्टाबाहेर काढायची. यासाठी सेट कसा लागतो बघा. फार आत आला तर बाहेरचा हात मिळत नाही, अँटेनाच्या पलीकडे गेला तर मारच बसत नाही. अँटेनाच्या आत हातभर, दर वेळी त्याच जागी, त्याच उंचीवर. उंच स्मॅशर सेटरच्या चुका पोटात घालते. ताकाहाशीला ते शक्य नव्हतं, आणि तिला ते करावंही लागलं नाही. २००६च्या त्या पुरस्कारामागे असे शेकडो सेट आहेत.

२००९पासून मासायोशी मानाबे प्रशिक्षक झाले. हेही माजी सेटर. कोर्टाच्या कडेला हातात आयपॅड घेऊन उभे असलेले मानाबे अनेकांना आठवत असतील. रिसीव्हची टक्केवारी, कुणाच्या सर्व्हिसने समोरचा रिसीव्ह तुटतो, कुठल्या रोटेशनमध्ये गुण अडकतात, हे सामना चालू असतानाच त्यांच्याकडे यायचं. छोट्या सेटरच्या संघाला याचा फायदा जास्त, कारण तो संघ मुळातच लहान लहान फरकांवर जगतो. कर्णधारपद एरिका आराकीकडे गेलं, सेटर ताकेशिताच राहिली. २०१०च्या जागतिक स्पर्धेत टोकियोमध्ये उपांत्य फेरीत ब्राझीलने २-३ने हरवलं, पण कांस्यपदकाच्या सामन्यात जपानने अमेरिकेला ३-२ने हरवलं. जागतिक स्पर्धेतलं हे पदक १९७८नंतरचं, म्हणजे ३२ वर्षांनी आलेलं.

क्लबमध्ये याच काळात एक वेगळं पर्व चालू होतं. २००९ ते २०११ दोन हंगाम जेटीकडे दक्षिण कोरियाची किम यॉन-क्यूंग होती, उंची १.९२. तिला सेट देणारी ताकेशिता. २००९-१०च्या हंगामात जेटीने सलग २५ सामने जिंकले, पण अंतिम सामना तोरे या संघाने नेला. २०१०-११चा हंगाम ११ मार्चच्या भूकंपामुळे अर्धवट थांबवावा लागला आणि आघाडीवर असलेल्या जेटीला विजेतेपद मिळालं. संघाचं ते पहिलंच.

लंडनची वाट काठाकाठाने गेली. मे २०१२मध्ये टोकियोत पात्रता स्पर्धेच्या शेवटच्या सामन्यात जपान सर्बियाकडून २-३ने हरला, पण जिंकलेले दोन सेट ऑलिंपिकची जागा मिळायला पुरले. ऑलिंपिकच्या आधी सरावात ताकेशिताच्या डाव्या तर्जनीचं हाड मोडलं. वर बोटांबद्दल लिहिलंय ते इथे आठवा. भार घेणाऱ्या सहा बोटांपैकी एक गेलं. दोन्ही हात एकाच क्षणी लागले पाहिजेत, आणि त्यातल्या एका हाताला दुखण्याच्या भीतीने चेंडूपासून किंचित मागे राहावंसं वाटणार. डबल टच होतो तो नेमका अशाच वेळी. ही गोष्ट स्पर्धा संपल्यावर बाहेर आली. आधी कळली असती तर समोरच्यांनी ब्लॉक करणाऱ्या त्याच हातावर स्मॅश मारले असते.

गटात इटली आणि रशिया यांच्याकडून हरून जपान तिसरा आला. ७ ऑगस्टला उपांत्यपूर्व फेरीत समोर चीन. गुण असे : २८-२६, २३-२५, २५-२३, २३-२५, १८-१६. पाचही सेट दोन-दोन गुणांनी सुटले. एकूण बेरीज जपान ११७, चीन ११५. किमुराचे ३३ आणि युकिको एबाताचेही ३३ गुण. ११७पैकी ६६ दोघींचे.

सेटरने चेंडू सगळ्यांना वाटावा, असं शिकवतात. इथे तो दोघींकडेच जाताना दिसतो, आणि मला तो निर्णय बरोबर वाटतो. ज्यांचा हात चालतोय त्यांच्याकडून चेंडू काढून घेणं म्हणजे वैविध्याच्या नावाखाली गुण सोडणं. पण त्यात कोणाचं तरी काम दडलेलं असतं. मधली खेळाडू दर वेळी खऱ्या क्विकसारखी धावली आणि उडाली, तरच समोरची मधली ब्लॉकर क्षणभर खिळून राहते. आणि मधली खेळाडू खरी उडते कधी? चेंडू आपल्याकडे येऊ शकतो असा तिला विश्वास असेल तेव्हाच. तो विश्वास टिकावा म्हणून सेटरला अधूनमधून अडचणीच्या वेळीही तिला चेंडू द्यावा लागतो. ६६ गुणांच्या मागे मधल्या खेळाडूंच्या अशा कित्येक रिकाम्या उड्या आहेत, आणि त्या कुठल्याही तक्त्यात मांडलेल्या नसतात.

उपांत्य फेरीत ब्राझीलने तीन सरळ सेटमध्ये संपवलं. तिथे उपाय चालले नाहीत, आणि ते तसंच सांगायला हवं. ११ ऑगस्टला अर्ल्स कोर्टवर कांस्यपदकासाठी समोर दक्षिण कोरिया, आणि नेटपलीकडे किम यॉन-क्यूंग, त्या स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू. जिला दोन हंगाम रोज सेट दिले, ती आता थेट ताकेशिताच्या ब्लॉकवरून मारणार. जपानने २५-२२, २६-२४, २५-२१ असा सामना घेतला. या वेळी साओरी साकोदाने २३ गुण मिळवले. एबाताचा हात आणि साकोदाचा हात वेगळे, धावेची सुरुवात आणि उडीची वेळही वेगळी. चार दिवसांच्या अंतराने सेटरने आपला ताल दुसऱ्या खेळाडूशी जुळवून घेतला. ऑलिंपिक पदक २८ वर्षांनी आलं. ताकेशिता ३४ वर्षांची होती.

२०१३मध्ये ती निवृत्त झाली. २०१६ साली ह्योगो प्रांतात व्हिक्टोरिना हिमेजी हा क्लब उभा राहिला. हा कुठल्या कंपनीचा नव्हे, शहराच्या नावाने चालणारा व्यावसायिक संघ, आणि त्याची पहिली प्रशिक्षक ताकेशिता. हिमेजी हे मानाबेंचं गाव, आणि या क्लबच्या उभारणीत तेही होते.

चीनविरुद्धचा तो सामना मिळाला तर एकदा चेंडू न बघता फक्त ३ नंबरच्या जर्सीचे पाय बघा. समोरून सर्व्हिस सुटते, ती मागच्या फळीतून नेटकडे निघते, रिसीव्ह हाताला लागताच तिची दिशा बदलते, आणि चेंडू वर चढत असतानाच ती त्याच्याखाली येऊन थांबलेली असते. रिसीव्ह तीन मीटरच्या रेषेच्या मागे पडला तरी ती शक्यतो खालून, हातांच्या पट्टीवर चेंडू घेत नाही. गुडघे वाकवून त्याच्याखाली शिरते आणि बोटांनीच घेते. खालून उचललेला चेंडू फिरत जातो, आणि फिरणारा चेंडू मारायला स्मॅशरला अवघड पडतो.